राज्य कुणावर? मोबाइलमधले खेळ आणि मुलांचं माणसांत राहणं

रविवारची सकाळ आहे, बोईसरमधल्या बऱ्याच जणांची रात्रपाळी नुकती सुटली असेल, तरीही तुम्ही आलात. त्याबद्दल आधी आभार. आजचा विषय म्हणजे मोबाइलवरचे खेळ आणि आपल्या मुलांची सामाजिक वाढ.

पालकसभेत बोलायला गेलं की आम्हाला पहिला प्रश्न हमखास तासांचा येतो. ‘किती वेळ खेळू द्यावं? एक तास चालेल का? सुट्टीच्या दिवशी दोन?’ प्रश्न रास्त आहे. झोप, डोळे, मान, अभ्यास यांच्यासाठी तास मोजायलाच हवेत. पण मूल माणसांत राहायला शिकतंय की नाही, हे घड्याळ बघून कळत नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. या खेळात भांडण झालं, तर ते मिटवतं कोण? आज आपण या एका प्रश्नाचा माग काढणार आहोत.

गोट्यांच्या रिंगणात काय चालतं

‘सामाजिक वाढ’ हा शब्द जड वाटतो, पण गोष्टी साध्या आहेत. आपली पाळी येईपर्यंत थांबणं. हरल्यावर घरी निघून न जाणं. आपलं म्हणणं पटवून देणं आणि समोरच्याचं बरोबर असेल तर मान्य करणं. आपल्यापेक्षा कमी जमणाऱ्याला सांभाळून घेणं. हे सगळं पाठ करून येत नाही. बरोबरीच्या मुलांत वावरून, शंभरदा चुकून येतं.

ज्याँ पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. मुलांमध्ये न्यायबुद्धी कशी येते, यावर त्यांचं पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झालं. त्याची सुरुवातच गोट्यांच्या खेळापासून आहे. ते मुलांबरोबर बसत, खेळ समजून घेत आणि विचारत, हे नियम कुणी केले? ते बदलता येतील का? लहान मुलं सांगत, नियम मोठ्यांनी केलेत, ते बदलता येणार नाहीत. दहा-बारा वर्षांची मुलं सांगत, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू या की! पियाजेंचं म्हणणं असं की पहिल्या उत्तरापासून दुसऱ्या उत्तरापर्यंतचा प्रवास मोठ्यांच्या धाकानं होत नाही. मोठ्या माणसासमोर मूल ऐकतं, नाहीतर लपवतं. बरोबरीच्या मुलाला मात्र पटवावंच लागतं.

यासाठी स्वित्झर्लंडला जायचीही गरज नाही. आपल्या गल्लीतले शब्द आठवून बघा. ‘राज्य कुणावर?’ म्हणजे जबाबदारीची पाळी कुणाची. ‘टॅम्प्लीज’ म्हणजे मी दमलोय, माझी चप्पल तुटलीय, क्षणभर मला धरू नका, आणि हा शब्द उच्चारल्यावर सगळ्यांनी थांबायचं. ‘कच्चा लिंबू’, कुणी ‘दूधभात’ म्हणतं, म्हणजे खेळायला आलेलं धाकटं भावंड. त्याला खेळात घ्यायचं, पण आऊट धरायचं नाही. ‘रडीचा डाव’ म्हणजे हार न पचवणाऱ्याला सगळ्यांनी मिळून दिलेली समज. क्रिकेटमधला ‘एक टप्पा आऊट’ हा नियम कुठल्याही क्रिकेट मंडळानं केलेला नाही. जागा अरुंद आणि पोरं जास्त, म्हणून तो मुलांनीच शोधला.

हे खेळ डोळ्यांसमोर आणले तर लक्षात येईल की निम्मा वेळ खेळण्यात जातो आणि निम्मा वाद घालण्यात. ‘आऊट होता’, ‘नव्हता’, ‘तुझी बॅट म्हणून तुझंच खरं का?’ आपल्याला वाटतं, वेळ फुकट गेला. खरं तर शिकण्याचा मोठा भाग तिथेच झालेला असतो.

फोनमध्ये हे काम कोण करतं

आता मोबाइलकडे येऊ. आपल्याकडे मुलांच्या तोंडी सगळ्यात जास्त रुळलेला प्रकार म्हणजे ‘बॅटल रॉयल’. पबजीचा मोबाइल अवतार २०१८ साली आला. शंभर जण एका बेटावर उतरतात, खेळायचं क्षेत्र हळूहळू आकसत जातं, आणि शेवटी उरेल तो जिंकतो. एकट्यानं खेळता येतं, दोघांनी खेळता येतं, चौघांची तुकडीही करता येते. तिला मुलं ‘स्क्वॉड’ म्हणतात.

या खेळात सोबती कोण हे सर्व्हर ठरवतो. नियम कंपनीचे असतात. कोण बाद झालं हे यंत्र सांगतं, त्यावर अपील नाही. एखाद्याचा राग आला तर त्याचा आवाज बंद करायचा, ब्लॉक करायचं किंवा बाहेर पडून दुसऱ्या मॅचमध्ये शिरायचं. पलीकडे अनोळखी शंभर जण तयारच असतात.

म्हणजे गोट्यांच्या रिंगणात मुलं जी चार कामं करायची, ती इथे यंत्र करतं. सोबती जमवणं, नियम ठरवणं, निकाल देणं आणि भांडण मिटवणं. ब्लॉक करणं ही एक प्रकारची कट्टीच. पण गल्लीतल्या कट्टीनंतर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर शेजारी बसायचं असतं, त्यामुळे गट्टी करण्यावाचून इलाज नसतो. अनोळखी माणसाशी घेतलेल्या कट्टीला ही सक्ती नाही.

लुडो किंगचंच उदाहरण घ्या. हा खेळ आपल्या शेजारचा, नवी मुंबईतल्या कंपनीनं २०१६ साली आणलेला. २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला, वेगवेगळ्या गावांत अडकलेले नातेवाईक त्यावर एकत्र आले. ते चांगलंच झालं. पण घरातल्या पटावर फासा पलंगाखाली जातो, कुणीतरी हळूच एक घर जास्त सरकतं, आजी मुद्दाम नातवाची सोंगटी मारत नाही. ॲपमध्ये सोंगटी मोजून तितकीच सरकते. फसवता येत नाही म्हणून पकडताही येत नाही, आणि पकडल्यावर माफ करण्याचा प्रसंगही येत नाही.

आता दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे बघू. चौघांची तुकडी ओळखीची असेल तर चित्र पालटतं. एक जण जखमी होऊन पडला तर स्वतः मरण्याचा धोका पत्करून त्याला उठवायचं की पुढे जायचं? औषधाची पेटी एकच आहे, ती कुणाला द्यायची? आज आदेश कोण देणार? मॅच संपल्यावर ‘तू मला सोडून का पळालास?’ असा जाब विचारला जातो, आणि विचारणारा उद्या शाळेत भेटणार असतो. इथे मुलं पुन्हा तीच जुनी कामं करत असतात. गोळ्यांचा आवाज ऐकून आपण दार लोटून घेतो, पण त्या आवाजाखाली काय बोलणं चाललंय हे ऐकायला हवं.

म्हणून ‘मोबाइलवरचे खेळ चांगले की वाईट’ याला एक उत्तर देता येत नाही. ओळखीच्या चौघांत खेळणारं मूल आणि रात्री एकटं अनोळखी लोकांत खेळणारं मूल, दोघंही दीडच तास खेळली तरी त्यांना मिळालेलं सारखं नसतं.

बोईसरमधलं चित्र

आपल्या भागात हे का जास्त लागू पडतं? तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. इथे औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि कामासाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश, मराठवाडा अशा सगळीकडून माणसं आली. कारखान्यांत तीन पाळ्या. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असतात, तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत मुलानं गप्प बसावं ही घराची गरजच असते. त्या वेळी हातात दिलेला फोन हा लाड नसतो, तडजोड असते. पालघरकडे बघा. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, मुंबईची नोकरी हाताशी आली. पण चर्चगेटला जाऊन यायचं म्हणजे दिवसाचे चार-पाच तास गाडीतच जातात. आई-वडील घरी येतात तेव्हा मुलांची खेळायची वेळ उलटून गेलेली असते.

त्यात सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि २०२० साली शाळाच फोनमध्ये आली. अभ्यासाच्या नावानं घरात आलेला फोन शाळा उघडल्यावर परत थोडाच जाणार होता?

नव्यानं आलेल्या मुलाचा विचार करा. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. मैदानावरच्या टोळीत त्याला अजून जागा नाही. संध्याकाळी तो गावाकडच्या चुलत भावाबरोबर स्क्वॉडमध्ये खेळतो, आपल्या भाषेत मोकळेपणानं बोलतो. त्याचा फोन काढून घेतला तर त्याला नवे मित्र मिळतीलच असं नाही, जुने मात्र नक्की तुटतील. आधी इथल्या टोळीत त्याची वाट करून द्यावी लागेल.

मुलींचं काय? देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात झालेल्या ‘असर २०२३’ या पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के होतं. बारा-तेराव्या वर्षानंतर मुलींचं मैदानही सुटतं. म्हणजे बरोबरीच्यांत भांडायची आणि मिटवायची जागा मुलींना दोन्हीकडे कमी. मोबाइलच्या अतिरेकाची चर्चा करताना आपण बहुतेक वेळा फक्त मुलग्यांबद्दल बोलत असतो, हेही ध्यानात ठेवू या.

व्यसन म्हणावं कधी

‘आमच्याकडे व्यसनच लागलंय’ असं पालक म्हणतात. शब्द जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाशी निगडित विकाराचा समावेश आहे. हे वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं, जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन खुणा सांगितल्यात. खेळण्यावर ताबा राहत नाही. खेळ बाकी सगळ्या गोष्टींच्या वर जाऊन बसतो. आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो किंवा वाढतो. हे साधारण बारा महिने टिकलेलं असावं आणि घर, शाळा, मैत्री यांवर त्याचा ठळक परिणाम झालेला असावा. परीक्षा संपल्यावर आठवडाभर खेळत सुटलेलं मूल यात बसत नाही. या खुणा खरोखर दिसत असतील तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही मोफत सरकारी सेवा आहे.

उरलेल्या बहुसंख्य मुलांचं काय? एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्थितीत जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग पडद्याच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. बटाटे खाण्याचा संबंधही जवळजवळ तेवढाच निघाला! हे आकडे सरासरीचे आहेत आणि एकूण पडद्याचे आहेत, तेव्हा तुमच्या घरातल्या मुलाबद्दल ते निकाल देत नाहीत. पण नुसते तास मोजून फारसं हाती लागत नाही, एवढं त्यातून दिसतं.

बंदीचा अनुभवही आपल्यासमोर आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावानं भारतात आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. नव्या नावाच्या खेळात अठराच्या आतल्यांसाठी वेळेची मर्यादा आणि पालकांच्या फोनवर ओटीपी अशी सोय केली होती. ती टिकते कशी? मूल जन्मवर्ष खरं टाकेल, तरच.

पैसे लावून खेळण्याचे खेळ मात्र वेगळे काढा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी घातली, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. ई-स्पोर्ट्स आणि नुसते करमणुकीचे खेळ त्यातून वगळलेत. या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे घरात स्पष्ट सांगा. पैसे हरलेलं मूल भीतीपोटी गप्प राहतं आणि गप्प राहून अजून खोल जातं. फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार करा. खेळातल्या अनोळखी माणसानं फोटो मागितले, भेटायला बोलावलं, तर १०९८. मूल आपल्याकडे हे सांगत येईल का, हे आपण आधी कसे वागलो त्यावर ठरतं.

कुरणापर्यंत जाणं

मग करायचं काय? उत्तरासाठी आपल्या जिल्ह्यातच थोडं उत्तरेला जाऊ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची असत. या बायांनी मुलांना आळशी ठरवलं नाही. गुरं चरतात तिथेच शाळा नेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथे मोठ्यांनी जायचं, ही रीत आपल्याच मातीतली आहे.

आज आपल्या मुलांचं एक कुरण त्या सहा इंची पडद्यात आहे. तिथे जायचं म्हणजे आठवड्यातून एकदा शेजारी बसायचं, हातात फोन घेऊन स्वतः हरायचं आणि विचारायचं, तुझ्या स्क्वॉडमध्ये कोण आहे रे? त्यातल्या किती जणांना तू प्रत्यक्ष भेटलायस? परवा भांडण झालं त्याचं पुढे काय झालं? अनोळखीच जास्त असतील तर ओळखीचे चौघं जमवून द्या. शनिवारी घरी बोलवा, पोहे करा, एकाच खोलीत खेळू दे. समोरासमोर बसून खेळताना ब्लॉकचं बटण चालत नाही.

दुसरी गोष्ट, नियम मुलाबरोबर बसून करा. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, ‘टॅम्प्लीज’ तिथे नाही. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची असते. जेवायची हाक मारून फोन हिसकावला तर तीन सोबत्यांना अर्ध्यात सोडल्याचा ठपका मुलावर येतो, आणि त्याच्या लेखी तो दगाच असतो. त्यापेक्षा ‘आठनंतर नवी मॅच नाही’ असं दोघांनी मिळून ठरवा. त्यानं मोडलं तर काय, तेही त्यालाच सुचवू दे. आपण मोडलं तर काय, हेसुद्धा ठरवा. जेवताना व्हॉट्सॲप बघणारे आपणच असतो.

तिसरी गोष्ट मैदानाची. फोन बंद करून मुलाला क्रिकेटच्या शिबिरात घातलं की प्रश्न सुटला, असं आपल्याला वाटतं. शरीराला फायदा होतो, शंका नाही. पण तिथेही संघ प्रशिक्षक पाडतो, निकाल पंच देतो, भांडण झालं की सर येतात. मुलांची चार कामं ॲपनं घेतली काय आणि आपण घेतली काय, त्यांच्या हाती काही उरत नाही. ओहोटीला चिंचणीच्या किनाऱ्यावर पोरं स्वतःच स्टंप रोवतात, हद्द आखतात, भांडतात आणि पुन्हा खेळतात. अशी, मोठ्यांनी न चालवलेली जागा आणि वेळ प्रत्येक वस्तीत हवा. सोसायटीच्या आवारातली ‘खेळण्यास मनाई’ची पाटी आपणच लावलेली असते, ती आपल्यालाच काढता येईल.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*मुलगा म्हणतो, ई-स्पोर्ट्समध्ये करिअर करतो. काय सांगावं?*

खोटं ठरवू नका. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, ई-स्पोर्ट्सला पदकं होती. पण पालघरहून लोकलनं मुंबईला सरावाला जाणारा शार्दुल ठाकूर आपल्याला माहीत आहे. तशा फेऱ्या करणारी बाकीची मुलं भारताच्या संघात पोचली नाहीत, हेही माहीत आहे. तोच हिशेब इथे लावायचा. सराव कसा करतोस, चुका कोण दाखवतं, शाळेचं काय, असं विचारा. उत्तरं असतील तर पुढचं बोलू. नुसता ‘रँक वाढतोय’ हे उत्तर पुरेसं नाही.

*आमची मुलगी लाजरी आहे. प्रत्यक्षात बोलत नाही, खेळात मात्र बोलते. बंद करावं का?*

बंद करू नका. तिचा आवाज जिथे निघतोय ती जागा काढून घेऊ नये. ती कुणाशी बोलते हे मात्र माहीत असू द्या. त्यातली एखादी मैत्रीण जवळपासची असेल तर दोघींची गाठ घालून द्या, सुरुवातीला तुमच्या समोरच. पहिल्या भेटीत दोघी कदाचित त्या खेळाबद्दलच बोलतील. बोलू द्या. पुढच्या भेटीत विषय बदलेल.

वेळ झाली आहे. दुसऱ्या पाळीवाल्यांना निघायचं असेल.